आबांना दिलेला निरोप

शेळगावच्या आमच्या घरात शांतता अशी फारशी नसायची, आणि असली की ती चुकल्यासारखी वाटायची. आबा मेंढरं घेऊन घरी असले की पहाटेपासून कोकरांचं ओरडणं, कुत्र्यांची भुंकाभुंक, घोड्याच्या पायातल्या साखळीचा आवाज आणि या सगळ्यावर नानीचं बोलणं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, नानी म्हणजे चुलती. माझे आईवडील मी कळता होण्याआधीच गेले, त्यामुळे आईवडील म्हणून मी ओळखली ती हीच दोघं. आबा वर्षातले बरेच महिने बाहेर असत. अंथुर्ण्यापासून पार काटेवाडीपर्यंत कालव्याच्या पाण्याखालचे बागायतदार त्यांना बोलावत. उसाला रान मोकळं केलं की त्यावर रात्री मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंडीमुताचं खत रानाला मिळायचं आणि त्याबद्दल आबांना धान्य. आबा घरी नसले की घर गप्प व्हायचं. नानी मग चुलीशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, आणि संध्याकाळी बाजरीच्या भाकरी थापताना एखादी जास्तच थापायची. आबा अचानक येतील म्हणून. ती भाकरी सकाळी मी मेंढीच्या दुधात कुस्करून खायचो. दाट, जरा वासाचं दूध. बारामतीत राहणाऱ्या माझ्या मुलांना तो वास सांगून कळत नाही. मीही हल्ली सांगत नाही.

संपतदादा हा आबांचा एकुलता मुलगा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. मेंढरामागं फिरता फिरता शिकला, पुढं बारामतीला वसतिगृहात राहिला, कॉलेजात परेडला जायला लागला आणि परीक्षा देऊन एकदम फौजेत अधिकारी झाला. आमच्या गावातून शिपाई म्हणून बरेच जण गेले होते, पण अधिकारी हा पहिलाच. तो पहिल्यांदा वर्दीत घरी आला तेव्हा नानीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग त्याच हातानं त्याच्या गालाला चिमटा काढला. "लई वाळलास. तितं जेवाय देत्यात का नुस्तं पळवत्यात?" दादा हसला आणि वर्दीसकट चुलीपुढं बसून हुलग्याचं माडगं प्यायला. वर्दीवर सांडलं. नानी घाबरली, आता सरकार काय म्हणेल. आबा सोप्यात लोकर कातत बसले होते. हातातली चाती न थांबवता म्हणाले, "सांडू दे. सरकारला बी कळंल, पोरगं कुणाच्या घरचं हाय."

आबांना गावात लोक चिडवायचे. "काय साहेबाचे वडील, आता मेंढरं कवा इकताय?" आबांचं उत्तर ठरलेलं. "त्याच्या हाताखाली माणसं हायती, माझ्या हाताखाली मेंढरं. आमचा पगार कमी हाय, पर ऐकत्यात जास्त." लोक हसायचे आणि आबाही हसायचे, पण मला ठाऊक होतं की रात्री वाघरीला, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या दोरीच्या जाळीला, टेकून बसले की ते सोबतच्या म्हाकूला दादाच्याच गोष्टी सांगत. म्हाकू हा आबांचा लहानपणापासूनचा जोडीदार, दोघांची मेंढरं एकत्रच चरायची. दादाचीही एक रीत होती. सुट्टीवर आला की एसटीतून उतरून तो आधी घरी जात नसे. मेंढरं कुठं बसलीत ते विचारत विचारत आधी आबांकडं जायचा, रात्रभर त्यांच्याजवळ घोंगडीवर झोपायचा आणि सकाळी त्यांच्यासोबत घरी यायचा. नानी यावरून प्रत्येक वेळी रुसायची. "मी काय मेंढरांच्या माघारची व्हय?"

त्या वर्षी तो वैशाखात येणार होता. आबांनी कळपातला एक कोवळा, काळ्या तोंडाचा मेंढा त्याच्यासाठी राखून ठेवला होता. दादा आला की कापायचा आणि भावकीला जेवण घालायचं. मग वरती डोंगरात लढाई लागली, सुट्ट्या बंद झाल्या. कारगिल हे नाव आमच्या गावात तेव्हा रोज घेतलं जायला लागलं, जणू ते इंदापुराच्या पलीकडचंच एखादं गाव असावं. चावडीसमोरच्या टीव्हीपुढं माणसं गोळा व्हायची. नानी तिकडं फिरकत नसे. घरातल्या रेडिओवर बातम्या लागल्या की ती उठून परसात जायची आणि बातम्या संपल्या की विचारायची, "झालं का त्यांचं बोलून?"

बातमी तात्यांच्या घरच्या फोनवर आली. तात्या आमच्या भावकीतले सर्वांत शहाणे गृहस्थ, गावाच्या कुठल्याही कामात पुढं. त्यांनी मला बोलावून घेतलं तेव्हा मला वाटलं, ट्रॅक्टरचं काही काम असेल. सोप्यात तालुक्याहून आलेले दोन पोलीस बसले होते आणि त्यांच्यापुढचा चहा तसाच होता. तात्यांनी माझा हात धरला. "नामा, संपत गेला," एवढंच म्हणाले. नंतर किती वेळ गेला, मी काय केलं, ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की चहावर साय धरली होती आणि मी तिच्याकडं बघत होतो.

नानीला सांगायला बायका गेल्या. आमच्या घराकडून तिचा आवाज आला तेव्हा तात्या म्हणाले, "आता आबाला आणाय पाहिजे. कुठं हायती मेंढरं?" मी म्हणालो, काटेवाडीच्या बाजूला. त्यांनी मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात दिली. "तूच जा. घरचा माणूस पाहिजे. काय म्हणायचं ते म्हाइत हाय न्हवं?"

मला माहीत होतं. आमच्याकडं मयताचा निरोप घेऊन जाणारा माणूस मेल्याचं कधीही बोलत नाही. तो म्हणतो, "अमक्याला बरं न्हाय, चला." एवढंच. ऐकणाऱ्याला तेवढ्यात सगळं कळतं. तो पुढं काही विचारत नाही. काय झालं, कधी झालं, दवाखान्यात आहे का, एक शब्द नाही. हातातलं काम ठेवतो, डोक्याला मुंडासं गुंडाळतो आणि निघतो. वाटेत रडायचं नसतं, सांगणाऱ्यानंही काही बोलायचं नसतं. घराच्या दारात पोचलं की मग मोकळं व्हायचं. बाहेरच्या माणसाला ते खोटं वाटेल. ते खोटं नव्हतं. ती आमची सांगायची पद्धत होती, आणि तिच्यामुळं माणसाला घरापर्यंतची वाट मिळायची. पुढं वय वाढल्यावर मी असे निरोप दिले आहेत आणि घेतलेही आहेत. त्या वाटेवर माणूस मनात काय काय आवरून घेतो, ते आता मला कळतं.

अंथुर्णे मागं टाकलं, भवानीनगरचा रस्ता ओलांडला, तोपर्यंत मी ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत होतो. आबा, संपतदादाला बरं न्हाय, चला. ऊन डोक्यावर होतं. काटेवाडीजवळ रस्त्याकडेच्या गोठ्यावर विचारलं तेव्हा एका बाईनं कालव्याच्या अंगाला हात केला. लांबूनच मेंढरं दिसली. अडसाली उसासाठी तयार केलेल्या काळ्या रानात वाघरीच्या आत कोकरं होती आणि बांधावरच्या बाभळीखाली आबा बसले होते. त्यांनी मोटारसायकल पाहिली, मला ओळखलं, आणि ते उठून उभे राहिले. मी कधीच असा भर दुपारी त्यांच्याकडं गेलो नव्हतो. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत गेलं. मला वाटलं, कळलं यांना, आता मला बोलावंच लागणार नाही. पण ते हसत होते.

"संपत आला व्हय रं?" त्यांनी लांबूनच हाक दिली.

मी गाडी उभी केली. स्टँड नीट लागेना. ते ढेकळं तुडवत जवळ आले. "आरं बोल की! आलाय न्हवं? लढाई थांबली म्हणत व्हतं ते मालक काल." त्यांच्या दाढीचे पांढरे खुंट, उन्हानं बारीक झालेले डोळे आणि त्या डोळ्यांतला आनंद. मी ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "व्हय."

आजपर्यंत मी या क्षणाला पुष्कळ नावं देऊन पाहिली आहेत. दया म्हणून पाहिलं, घाबरलो म्हणून पाहिलं, वय लहान होतं म्हणून पाहिलं. वय काही लहान नव्हतं, मिसरूड फुटून वर्षं झाली होती. खरं एवढंच आहे, की समोरच्या माणसाचा हसरा चेहरा माझ्या बोलण्यानं मोडणार होता आणि तो मोडताना मला तिथं एकट्यानं उभं राहायचं नव्हतं. ते दुसऱ्या कुणीतरी करावं, माझ्या डोळ्यांदेखत होऊ नये, एवढाच माझा विचार होता. मी स्वतःला वाचवलं.

"मंग हिकडं का न्हाय आला? आधी हिकडंच येतो त्यो," आबा म्हणाले.

"दमलाय," मी म्हणालो. "झोपलाय."

"झोपू दे, झोपू दे," आबा म्हणाले. "तितं कुठली आलीय झोप त्याला." आणि ते लगबगीनं कळपात शिरले.

म्हाकू घोड्याला पाणी दाखवून येत होता. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, मग आबांच्या पाठीकडं पाहिलं आणि बादली खाली ठेवली. मला बाभळीच्या पलीकडं घेतलं. "नामा, काय झालंय?" त्याला मी सांगू शकलो. पद्धतीनं नाही, सरळच सांगितलं, दादा गेला म्हणून. म्हाकू मटकन खाली बसला. मग माझा पाय धरून म्हणाला, "आरं मंग त्येला काय सांगितलंस ह्ये? आत्ता सांग. हितंच सांग, मी हाय संगं."

"घरी गेल्यावर सांगतील तात्या."

"तात्या न्हवं रं. तू आलायस, तूच सांगायचं. न्हायतर मी सांगतो."

"नगं म्हाकूकाका, पाया पडतो," मी म्हणालो. तेवढ्यात आबा आले. त्यांच्या खांद्यावर तो काळ्या तोंडाचा मेंढा होता. चारही पाय पुढं एका हातात धरलेले आणि डोक्याला धुतलेलं पांढरं मुंडासं, जे ते लग्नाकार्यालाच काढत. "म्हाक्या, बसलास काय असा? साहेब आलाय, साहेब! मेंढरं संभाळ, उद्या तुजा वाटा धाडतो." म्हाकूनं मान वर केली नाही. "जावा तुमी," एवढंच तो म्हणाला.

मेंढ्याला मधे घेऊन आबा माझ्या मागं बसले. वाटभर ते बोलत होते. संपतला पोरगी बघायची, या वेळी त्याचं काही ऐकायचं नाही. नवं रान घ्यायचं का, नको, त्याला कुठं वेळ आहे. नानीनं मसाला वाटून ठेवला असेल का. अंथुर्ण्यात त्यांनी मला थांबायला लावलं, नानीला खोबरं आण म्हणाले. मी दुकानात गेलो आणि काउंटरला धरून उभा राहिलो. बाहेर आबा ओळखीच्या कुणाला तरी सांगत होते, "लेक आलाय!" तो माणूस शेळगावच्या बाजूनंच आला असावा. त्याचं तोंड उघडं राहिलं, त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि तो निघून गेला. आबा म्हणाले, "ह्याला काय झालं? येडाच हाय." तिथं मी सांगू शकलो असतो. पुढं ओढ्याच्या पुलावर मेंढा चुळबुळ करायला लागला म्हणून पुन्हा थांबलो, तिथंही सांगू शकलो असतो. प्रत्येक ठिकाणी मला वाटलं, आता उशीर झाला.

गावाच्या तोंडाशी माणसं उभी होती. दादाला अजून आणायचं होतं, तरी शाळेची पोरं आधीच हातात झेंडे देऊन ओळीनं बसवली होती. पोलीस होते, जीप होती. आबा माझ्या कानाशी म्हणाले, "गाव जमलंय की रं! त्याच्यासाठनं?" मी गाडी थांबवली. ते उतरले, मुंडासं सारखं केलं, मेंढा पुन्हा खांद्यावर घेतला आणि गर्दीतून चालायला लागले. लोक बाजूला होत गेले. आबा डावीउजवीकडं बघून हसत होते, राम राम म्हणत होते. राम राम कुणीच परत केला नाही. आमच्या घरापर्यंतचं ते अंतर काहीच नाही, पण तेवढ्यात मी त्यांचं हसू हळूहळू विझताना मागून पाहिलं. चेहरा दिसत नव्हता, पाठीवरूनच कळत होतं. पाय जड पडू लागले. दारात बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये नानी होती, कपाळावरचे केस सुटलेली. तिनं मान वर केली. आधी आबांकडं पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावर, मग पांढऱ्या मुंडाशाकडं.

"ह्ये काय आणलंय?" ती म्हणाली. "कुणासाठनं आणलंय?"

आबांचे हात सुटले. मेंढा खाली पडला आणि माणसांच्या पायांतून धावत सुटला. आबा वळले. त्यांनी कुणाकडंच पाहिलं नाही, फक्त माझ्याकडं पाहिलं. रागावले नाहीत. एखाद्या अनोळखी माणसाकडं नाव विचारण्याआधी बघावं, तसं पाहिलं. मग तात्यांनी त्यांना धरलं.

बऱ्याच दिवसांनी, मी पाणी भरून हंडा ठेवत असताना, नानी पाठमोरीच म्हणाली, "नुस्तं बरं न्हाय म्हणायचं व्हतं, नामा. त्यास्नी कळलं असतं. वाटंत सावरलं असतं. गावापुढं असं हसत आले नसते." मी हंडा ठेवला आणि तिथंच उभा राहिलो.

त्याआधी, निरोपानंतर लगेचच, दादाला आणायला तात्या आणि मी पुण्याला गेलो होतो. घरच्या कुणीतरी ओळखायला हवं होतं. तिथल्या अधिकाऱ्यांनी मला एका खोलीत नेलं आणि पेटीचं झाकण थोडंसं उघडलं. दादाच होता. हनुवटीखाली लहानपणी वाघरीच्या खुंटीनं झालेला व्रण होता. मी मान डोलावली आणि त्यांनी झाकण बंद केलं. नंतर त्यांनी समजावून सांगितलं की गावात पेटी उघडता येणार नाही, घरच्यांनी तसा आग्रह धरू नये. पेटीसोबत दादाच्या तुकडीतला एक जवान आला होता. उत्तरेकडचा कुठला तरी, सावळा, हाताला पट्टी बांधलेला. वाटेत एकदा त्यानं माझ्यापुढं पाण्याची बाटली केली.

आमच्याच रानात चिता रचली होती. एवढी माणसं शेळगावनं कधी पाहिली नसतील. घोषणा, बिगूल, बंदुकांच्या फैरी, फुलं. आबा या सगळ्यात कुणीतरी उभं केलंय म्हणून उभे होते. पेटी खाली ठेवली, वरचा झेंडा काढून त्याची घडी घातली, आणि तात्या त्यांना पुढं आणायला गेले. आबा हलेनात. ते पेटीकडं बघत होते. मग म्हणाले, "उघडा."

अधिकाऱ्यांनी हात जोडले. तात्यांनी कानात काहीतरी सांगितलं. आबा म्हणाले, "मला फसवू नका. ह्यात माजं पोरगं हाय कशावरनं?"

घोषणा थांबल्या होत्या. मी पुढं झालो. दोन्ही हात जोडून म्हणालो, "आबा, मी बघितलंय. पुण्यात मला दावलं. संपतदादाच हाय. हनुवटीखालचा व्रण बघितला मी. तुमची आण." माझा आवाज सगळ्या रानात गेला असेल. आयुष्यात इतकं खरं मी कधी बोललो नव्हतो. आबांनी माझ्याकडं मान वळवली, माझं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि मान परत फिरवली.

मग ते माझ्या शेजारून पुढं चालत त्या जवानापुढं जाऊन उभे राहिले. त्याचं पट्टी बांधलेलं मनगट त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरलं. आबांना हिंदी येत नव्हती. बाजारात मेंढरं विकताना खाटकांकडून ऐकलेले चार शब्द तेवढे होते. "तुम देखा?" त्यांनी विचारलं. "मेरा लडका हाय?"

"हाँ बाबा," जवान म्हणाला. "साहब ही हैं."

आबांनी मान हलवली. त्याचं मनगट सोडलं, माझ्याकडं न बघता पेटीकडं गेले, आणि हातात दिलेला अग्नी घेतला.